अकरा दिवसांचं कार्ड

माझ्या नाकावर राग असतो असं सगळं विद्यापीठ म्हणायचं. साफ खोटं. राग माझ्या कानांत असतो. आधी कान तापतात, मग लाल होतात, आणि मग आवाज असा चढतो की बाहेरच्या लिंबावरचे कावळेसुद्धा जागा बदलतात. छगनला हे माझ्या आधी समजायचं. छगन म्हणजे माझ्या ऑफिसातला एकुलता एक कारकून, सोनईचा, बोलायला गरीब आणि आतून पक्का. माझे कान लाल व्हायला लागले की तो उठायचा आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट मुकाट्यानं आपल्या कपाटात नेऊन ठेवायचा. मी तो कधी कुणाला फेकून मारलेला नाही. एकदा भिंतीला मारला होता, तेवढंच.

मी मार्तंड मुळे, राहणार नगर. घरात तीन पिढ्या कारकुनी. त्यामुळं एकोणसत्तर साली मी नव्या विद्यापीठात विद्यार्थी कल्याण अधिकारी झालो तेव्हा घरी कुणाला धड आनंद होईना, कारण हे काम काय असतं हेच कुणाला उमजेना. वडिलांनी नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, की ह्यात फायली कसल्या असतात? मला तरी कुठं ठाऊक होतं. विद्यापीठ माळरानावर उभं राहत होतं. कुलगुरूंचं ऑफिस बांधून झालं होतं, बाकी सगळं बांधायचं होतं. मला मिळालं एक पत्र्याचं गोदाम, त्यात खताच्या गोण्यांचा वास अजून तसाच होता.

लवकरच कळलं, की जे कुणाचंच काम नाही ते माझं. वसतिगृहातली बादली हरवली, चला मुळे साहेबांकडं. मेसच्या आमटीत डाळ सापडत नाही, मुळे साहेब. एस्टीच्या पासावर शिक्का, स्नेहसंमेलनात कुणी कुणाला लागेल असा फिशपाँड टाकला म्हणून रडारड, कोपरगावकडच्या पोरांना पोळी हवी आणि जामखेडकडच्यांना भाकरी म्हणून मारामारी, सगळं मुळे साहेब. मी सगळ्यांवर ओरडायचो आणि सगळ्यांची कामं करायचो. पोरं ओरडण्याला भीत नसत हे मला फार उशिरा समजलं.

एका गोष्टीला मात्र भीत. माझ्या कार्डांना.

झालं असं, की पहिल्या वर्षी निम्मी पोरं तासांना दांडी मारून नगरला सिनेमाला जायची. मी डोकं चालवलं. छापखान्यातून पाचशे पोस्टकार्डं छापून आणली. ‘आपला पाल्य अमुक अमुक गेल्या महिन्यात इतके दिवस विनापरवाना गैरहजर होता, तरी त्यास योग्य ती समज द्यावी.’ पाल्य काटून कन्या करायची सोय होती. खाली विद्यापीठाचा गोल शिक्का आणि माझी लांबलचक सही. दर महिनाअखेर छगन हजेरीपटावरून नावं भरायचा, मी सह्या ठोकायचो, कार्डं रवाना. काय गुण आला म्हणून सांगू! कोपरगावचे एक बागाईतदार जीप घेऊन आले आणि चिरंजीवांना वर्गातून कानाला धरून उचलून नेलं. सोनईच्या एका बापाला वाचता येत नव्हतं. गोल शिक्का बघून त्याला वाटलं पोराला सरकारनं काहीतरी दिलंय. त्यानं गल्लीत गूळ वाटला आणि कार्ड चौकटीत घालून देवाशेजारी लावलं. छगनच्याच आळीतली गोष्ट, म्हणून कळली.

तेव्हाच छगन एकदा हळूच म्हणाला होता, की साहेब, उघडं कार्ड गावात सगळेच वाचतात, पाकीट केलं तर? मी त्याला उडवून लावलं. लपवण्यासारखं आहे काय त्यात, वाचू देत, तेवढाच वचक बसतो, असं म्हणालो. हे माझं वाक्य पुढं मला चांगलंच महागात पडलं.

सत्तरच्या जूनमध्ये मनकर्णा खाडे आली. खर्ड्याच्या पलीकडं तीन मैलांवर धोंडदरा नावाची वाडी आहे, तिथली. बापाच्या खांद्यावर हिरवी ट्रंक, मागं ही, हातात भाकरीचं गाठोडं. बाप म्हणजे कानिफनाथ खाडे, उंच, कोरडवाहू शेतीवर वाळून कडक झालेला माणूस. फॉर्मवर अंगठा उठवून झाल्यावरही तो जाईना. माझ्या टेबलापुढं उभाच राहिला.

“साहेब, आमच्या वाडीतली कालेजात आल्याली ही पयली पोरगी. गाव नगं म्हनत हुतं. म्या आनली. आता तुमच्या हवाली.”

मला भरून आलं. भरून आलं की मी जरा जास्तच बोलतो. “कानिफनाथराव, एक दिवस जरी इकडचा तिकडं झाला तरी मी तुम्हाला कळवीन. माझा शब्द आहे,” असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. त्यानं पुन्हा एकदा रामराम केला आणि गेला.

पोरगी अभ्यासात बरी होती. पण तिचे पाय! ते मला माझ्याच अंगणात कळले. कुलगुरूंच्या हौसेनं माझ्या गोदामापुढं गुलाब लावले होते, आणि शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्यांना ते फार आवडायचे. एक दिवस पाच-सहा शेळ्या शिरल्या. मी खिडकीतून ओरडतोय, छगन काठी शोधतोय, तेवढ्यात मनकर्णा व्हरांड्यातून सुटली. ह्या बाजूनं हूल, त्या बाजूनं वळसा, बोकड अंगावर आला तेव्हा मटकन खाली, दोन मिनिटांत सगळ्या शेळ्या बाहेर आणि बोकडाचे कान हिच्या हातात. खेळ शिकवणाऱ्या नीलांबरीबाई तिथंच चहा पीत होत्या. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि पोरीचं नाव विचारून घेतलं. आठवड्याभरात मनकर्णा विद्यापीठाच्या खो-खोच्या संघात होती.

जानेवारीत बडोद्याला आंतरविद्यापीठ सामने लागले. सराव, प्रवास आणि सामने मिळून अकरा दिवस. परगावी जायचं तर पालकाची लेखी संमती हवी, हा नियम मीच केलेला. मनकर्णा माझ्यापुढं येऊन बोटं मोडत उभी राहिली. म्हणाली, दादा नाही म्हणणार नाहीत सर (बापाला ती दादा म्हणायची), पण गाव त्यांना हो म्हणू देणार नाही. माघी पौर्णिमेला आमच्या देवाची जत्रा असते, तेव्हा पदक घेऊनच जाते आणि मग सांगते. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि विरघळलो. “अगं मी आहे ना,” असं म्हणालो आणि पालकाच्या जागी स्वतःची सही ठोकली. स्टेशनवर पोचवायला गेलो, संत्र्यांची पिशवी दिली, गाडी सुटल्यावर रुमाल हलवला. मुली दुसरा नंबर काढून आल्या. मी सत्काराचं भाषण अर्धा तास केलं. तास बुडण्याची रीतसर परवानगी तिच्या विभागाला कळवायची असते हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातून पार गेलं.

आता महिनाअखेरची गंमत ऐका. त्या दिवशी सकाळी वसतिगृहातल्या पोरांनी माझ्या नावाची पाटी काढून एका गाढवाच्या गळ्यात बांधली आणि गाढव ऑफिसच्या दारात उभं केलं. माझे कान किती लाल झाले असतील ते तुम्हीच ठरवा. छगननं पेपरवेटच काय, दौतसुद्धा हलवली. आणि त्याच तावात मी त्या महिन्याची एकशे सत्त्याऐंशी कार्डं सह्या करून फेकली. एक नाव वाचलं नाही. छगननं हजेरीपटावर जसं दिसलं तसं भरलं होतं, त्याच्याकडं परवानगीचा कागद आलाच नव्हता. बाकीच्या मुलींचे कागद नीलांबरीबाईंनी पाठवले होते, हिचा माझ्या खणात होता.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. मी संमेलनाच्या लाउडस्पीकरसाठी नगरला गेलो होतो. परत आलो तर छगन उभा. म्हणाला, मनकर्णा खाडेचे वडील आले होते, पोरीला घेऊन गेले, ट्रंकेसकट. नाव कमी करायचा अर्ज अंगठा करून दिलाय. मी भडकलो. जाऊ कसं दिलंस, मला विचारल्याशिवाय अर्ज घेतलास कसा, वगैरे वगैरे. छगन सगळं ऐकून घेत राहिला. मग त्यानं माझ्यापुढं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक कानिफनाथ टाकून गेला होता ते कार्ड. आपली कन्या मनकर्णा अकरा दिवस विनापरवाना गैरहजर. दुसरा माझ्या खणातला कागद. मनकर्णा खाडे हिला अकरा दिवस बडोद्यास जाण्याची परवानगी. दोन्हींवर तीच लांबलचक सही. “पोरगी सांगत हुती, खेळायला गेल्ते म्हनून. तर बाप म्हनला, साहेबाचा कागद खोटं बोलंल का?” एवढं सांगून छगन आपल्या जागेवर जाऊन बसला.

मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

घरी सुमेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. मी म्हटलं, रजिस्टर पत्र पाठवतो, खुलासा करतो, दिलगिरी व्यक्त करतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पहिली एस्टी पाच पन्नासची आहे.” माझ्या नोकरीतला सगळ्यात शहाणा सल्ला मला भाजी निवडता निवडता मिळाला.

जामखेड, तिथून खर्डा, आणि खर्ड्याच्या किल्ल्याला वळसा घालून तीन मैल पायी. बगलेत फाइल, पायात शहरी बूट, डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. वाटेत एक म्हातारा बांधावर बसला होता, त्याला धोंडदऱ्याची वाट विचारली. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “कार्डवालं सायेब का तुमी?” मी फाइल दुसऱ्या बगलेत घेतली. तीन मैलांवर ही कथा, तर वाडीत काय असेल!

वाडीत काय होतं ते कानिफनाथच्या ओसरीवर कळलं. पोस्टमननं कार्ड आणलं तेव्हा कानिफनाथ पारावर होता. वाचता येत नसल्यानं तिथंच वाचून घेतलं. वाचणारा एक, ऐकणारे पंधरा. अकरा दिवस पोरगी कॉलेजात नव्हती, मग होती कुठं, आणि कुणाबरोबर? दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर अकराचे पंधरा झाले. कानिफनाथनं काय करावं? घेऊन आला. पाथर्डीकडचं एक स्थळ चालून आलं होतं, बिजवर, पण कार्डाचं कळूनही तयार. रविवारी सुपारी फुटायची होती. मी पोचलो तो गुरुवार.

मनकर्णानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मागं वळताना एवढंच म्हणाली, “सर, मी आहे ना म्हणाला होता तुम्ही.” मी तांब्या तसाच खाली ठेवला.

मी फाइल उघडली, दोन्ही कागद मांडले, सगळं सांगितलं. चूक माझी, पोरीची काडीचीही नाही, हे तीनदा म्हटलं. कानिफनाथ खांबाला टेकून ऐकत होता. रागावला असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. तो शांतपणे म्हणाला, “तुमी म्हनला हुता, एक दिस बी इकडचा तिकडं झाला तर कळवीन. तुमी कळवलं. म्या तुमच्यावर इस्वास टाकला, पोरीवर न्हाई टाकला. माजं बी चुकलंच की.” मग म्हणाला, “मला पटलं, साहेब. पन ते कार्ड पारावर वाचलंय. ह्यो कागद बी पारावर वाचा.”

गेलो पारावर. देवळापुढं मोकळं पटांगण, एका टोकाला लिंब, दुसऱ्या टोकाला निशाणाचा खांब, आणि कडेला पारावर दहा-बारा बाप्ये, जणू माझीच वाट बघत बसलेले. त्यांचा म्होरक्या आबासाहेब, चांगला धिप्पाड, मिशीवर हात. मी कागद वाचला. विद्यापीठाच्या भाषेत वाचला, सदरहू विद्यार्थिनी आणि उपरोक्त कालावधी वगैरे. कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. आबासाहेब म्हणाला, ह्या कागदावर बी तुमचीच सही, त्या कार्डावर बी तुमचीच. मग खरी कंची धरायची? बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, साहेबाला बापानं गळ घातली असंल.

झालं. माझे कान तापले. छगन नव्हता, पेपरवेटही नव्हता. मी पारावर चढलो आणि ओरडलो, की दोन्ही सह्या माझ्या आहेत, दोन्ही खऱ्या आहेत, मी चुकलोय, मी न वाचता सही केली, एका गाढवापायी केली, मी विद्यार्थी कल्याण अधिकारी असून एका पोरीचं वाटोळं करायला निघालो होतो, चुकलो म्हणतोय ना! चूक कबूल करताना इतका आवाज चढवणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा. 

तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढं आली. कानिफनाथची चुलती साळूबाई. हातात मनकर्णाचं पदक होतं, ते तिनं दातांनी चावून बघितलं होतं आणि सोन्याचं नाही म्हणून जरा नाराज होती. ती म्हणाली, “कागद ठिवा तिकडं. पोरगी पळती म्हनता ना? मग पळू द्या की. आमाला डोळं हायेत.”

आणि तिथं मी पुन्हा घोटाळा केला. तावातच होतो. म्हणालो, हो, पळेल, तुम्ही नऊ जण बसा, चार मिनिटं तुमच्यापैकी कुणाच्या हाताला लागली नाही तर मानाल? आबासाहेब मिशीत हसला. “दोनातच धरतो. धरली तर सायेब, आल्या पावली परत जायचं. पुन्ना पोरीचं नाव काढायचं न्हाई.” मी म्हणालो, कबूल. शब्द तोंडातून गेला आणि मग माझ्या लक्षात आलं, की पोरगी लुगड्यात आहे, बडोद्याहून आल्यापासून ती चार पावलंही पळालेली नसेल, रात्रभर रडली असेल, आणि मी तिचं सगळं आयुष्य चार मिनिटांवर लावून मोकळा झालो. पाचावर धारण बसली माझी. मी तिच्याकडं बघितलं. तिनं कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि बापाकडं बघत उभी राहिली. कानिफनाथनं मान हलवली. किती हलवली, तर मुंगीएवढी.

मग आठ बाप्ये धोतरं सावरत लिंबापासून खांबापर्यंत ओळीनं उकिडवे बसले, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं. ज्यांनी कार्ड ऐकलं तेच. नववा आबासाहेब, पळणारा. मी घड्याळ हातात घेतलं आणि टाळी वाजवली.

आबासाहेब गाडीच्या बैलासारखा सरळ सुटला. मनकर्णा दोन माणसांच्या मधून पलीकडं गेली सुद्धा. त्याला तिथून जायची मुभा नव्हती हे त्याला कुणीतरी ओरडून सांगितलं, तोवर ती खांबापाशी. खो दिला, पुढचा उठला, त्याचं धोतर मागच्याच्या गुडघ्याखाली. तिसरा चांगला चपळ निघाला, त्यानं तिला लिंबापर्यंत रेटत नेलं, पण तिनं लिंबाला हाताचा विळखा घालून अशी गिरकी घेतली की तो पुढं जाऊन लिंबामागच्या हौदावर आदळला. बाया दारांतून बाहेर आल्या. एक मिनिट. दोन. दोन मिनिटांनी बाप्यांची थट्टा बंद झाली आणि ते मनापासून खेळायला लागले. इथं मला खरी भीती वाटली. तिसऱ्या मिनिटाला तिचा पदर सुटला. तो सावरायला ती जरा थांबली, आणि खो मिळून आबासाहेब पुन्हा उठला होता, तो दोन हातांवर. त्यानं झडप घातली. ती खाली बसली. अगदी मटकन खाली, शेळीच्या वेळी बसली होती तशी. आबासाहेब तिच्यावरून पुढं गेला आणि मिशीसकट धुळीत पसरला. मी घड्याळाकडं बघितलं तर काटा चार मिनिटांच्या पुढं गेलेला, आणि टाळी वाजवायचं भान मला राहिलेलं नव्हतं.

आधी साळूबाई हसली. मग बाया, मग बसलेले बाप्ये, एकमेकांना ढकलून ढकलून. शेवटी आबासाहेब उठून बसला, मिशीतली माती झटकली आणि म्हणाला, “ह्या पोरीला धराया अकरा दिस बी पुरायचं न्हाईत.” हे त्यानं पारावरच म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं.

पण कानिफनाथ हसला नव्हता. तो वळून घराकडं गेला. मनकर्णा धापा टाकत उभी होती, आणि बापाची पाठ बघून तिचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, चुकलंच, चारचौघांत पोरीला पळवली, हे त्याला लागलं. मी फाइल उचलली. तेवढ्यात तो बाहेर आला. खांद्यावर हिरवी ट्रंक होती.

“शेवटची येस्टी साडेचारला सुटती,” तो म्हणाला. “चला, उशीर हुतोय.”

रविवारच्या पाहुण्यांचं काय, असं मी वाटेत विचारलं. चहा पाजू, तो म्हणाला, आणि सांगू पोरीची परीक्षा हाय. तीन मैल तो ट्रंक घेऊन पुढं चालला. मी फाइल घेऊन मागं. मनकर्णा मधे, आणि तिला सारखं हसू येत होतं, बहुतेक माझ्या बुटांचं. एस्टीत बसल्यावर मी तिच्या नाव कमी करायच्या अर्जाचे चार तुकडे करून खिडकीबाहेर टाकले.

पुढच्या महिन्यापासून मी कार्डं पाकिटातून पाठवायला लागलो, आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून सही करायला लागलो. छगन कंटाळायचा. एक कार्ड मात्र उघडंच जायचं, धोंडदऱ्याचं, कारण कानिफनाथनं तसं सांगितलं होतं. पारावर वाचाया पायजेल, म्हणाला. छापील मजकूर काटून मी हातानं लिहायचो, की आपली कन्या मनकर्णा महिनाभर हजर होती. दुसरं लिहिण्यासारखं तिनं कधी काही केलंच नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. दारात गर्दी, पंखा बंद, एका पोराचा दाखला हरवलेला, माझे कान तापायला लागलेले. गर्दीतून कानिफनाथ पुढं आला. मनकर्णा दुसऱ्या वर्षाला आली होती, तिला सोडायला आला असेल असं मला वाटलं. पण त्याच्या मागं आणखी दोन मुली होत्या, दोन ट्रंका, आणि दोन बाप, मला जोखून बघणारे. त्यातला एक हौदावर आदळलेला, मी ओळखला.

मी छगनला खुर्च्या आणायला सांगितल्या. कानिफनाथ बसला नाही.

“ह्यांनी वाटंत इचारलं, साहेब कसा हाय म्हनून,” तो म्हणाला. “म्या सांगितलं, चुकतो. पन चुकला की सोता येस्टीनं येतो, अन् पारावर चढून सांगतो.”

मी फॉर्म पुढं ओढले आणि पहिल्या मुलीला नाव विचारलं. रतन, ती म्हणाली. मी ते मोठ्यानं वाचत लिहिलं.